वाचकांचे प्रश्न : जुन्या व्हिडिओ गेममधील स्प्राइटचे रंग

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे जुन्या गेममधील पात्रांच्या रंगांविषयी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी बहुतेक उत्तरे एकाच गोष्टीशी येऊन पोहोचतात : त्या काळच्या स्प्राइटमध्ये, म्हणजे पार्श्वभूमीवर स्वतंत्रपणे फिरणाऱ्या छोट्या चित्रांमध्ये, रंग साठवलेलाच नसे. साठवलेले असत ते फक्त क्रमांक, आणि कोणत्या क्रमांकाला कोणता रंग द्यायचा हे दुसरीकडे ठरत असे. ही विभागणी लक्षात आली की बाकीचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

प्रश्न : आठ-बिट गेममधले पात्र निरखून पाहिले तर त्यात जेमतेम तीन रंग सापडतात, पूर्ण पडद्यावर मात्र त्याहून कितीतरी अधिक रंग असतात. यंत्राला इतके रंग दाखवता येत होते, तर एका पात्राच्या वाट्याला तीनच का?

उत्तर : उदाहरणासाठी निन्टेंडोचे यंत्र घेऊ. ते जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम या नावाने आले आणि १९८५ पासून अमेरिकेत त्याची आवृत्ती एनईएस या नावाने विकली जाऊ लागली. या यंत्रात स्प्राइटचा मूळ तुकडा, म्हणजे टाइल, ८ पिक्सेल रुंद आणि ८ पिक्सेल उंच असतो. त्यातील ६४ पिक्सेलपैकी प्रत्येकासाठी फक्त २ बिट राखलेले असतात, त्यामुळे एक टाइल १६ बाइटमध्ये मावते. दोन बिटांत ०, १, २ आणि ३ एवढेच क्रमांक लिहिता येतात. त्यांपैकी ० म्हणजे 'येथे काहीही काढू नका, मागचे दिसू द्या', म्हणजेच पारदर्शक. उरले तीन क्रमांक, आणि म्हणून तीन रंग. लहान मुलांच्या क्रमांक पाहून रंग भरायच्या पुस्तकात जसे चित्राच्या भागांवर आकडे छापलेले असतात आणि कोणत्या आकड्याला कोणता खडू हे बाजूला दिलेले असते, तशीच ही व्यवस्था आहे.

ही बाजूला दिलेली यादी म्हणजे पॅलेट. एनईएसमध्ये स्प्राइटसाठी अशी चार पॅलेट असतात आणि प्रत्येकात तीन रंगांचे खण असतात. पार्श्वभूमीसाठी आणखी चार पॅलेट असतात, त्यांतही प्रत्येकी तीन खण. शिवाय सर्वांत मागे दिसणारा एक सामाईक रंग. बारा, बारा आणि एक मिळून एका वेळी पडद्यावर २५ रंग येऊ शकतात. या खणांत भरायचे रंग यंत्राच्या ठरलेल्या ६४ क्रमांकांतून निवडावे लागतात आणि त्यांतही काही क्रमांक एकसारखे काळेच असल्याने खरोखर वेगळे दिसणारे रंग ५४ च्या आसपास आहेत. प्रत्येक स्प्राइटची नोंद चार बाइटची असते : उभे स्थान, टाइलचा क्रमांक, गुणधर्म आणि आडवे स्थान. गुणधर्मांच्या बाइटमधील दोन बिट चारपैकी कोणते पॅलेट वापरायचे ते सांगतात. म्हणजे एका तुकड्याला तीन रंगांचे बंधन असते, पण शेजारच्या तुकड्याला दुसरे पॅलेट लावता येते.

आता 'तीनच का' या मूळ प्रश्नाकडे येतो. पहिले कारण स्मृती. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ च्या गेमच्या कार्ट्रिजमध्ये एकूण ४० किलोबाइट होते आणि त्यांतील चित्रांसाठी फक्त ८ किलोबाइट. त्यात ५१२ टाइल बसतात : निम्म्या स्प्राइटच्या, निम्म्या पार्श्वभूमीच्या. प्रत्येक पिक्सेलला ६४ पैकी कोणताही रंग थेट देण्याची सोय केली असती तर पिक्सेलमागे ६ बिट लागले असते, एक टाइल ४८ बाइटची झाली असती आणि त्याच ८ किलोबाइटमध्ये जेमतेम १७० टाइल मावल्या असत्या. दुसरे कारण वेळ. ग्राफिक्स चिपला पडद्यावरील एक आडवी रेषा संपून पुढची सुरू होण्याच्या अत्यल्प अवधीत पुढच्या रेषेवर येणाऱ्या स्प्राइटची माहिती वाचून घ्यावी लागते. एवढ्या वेळात ती आठच स्प्राइट वाचू शकते. पिक्सेलमागील बिट वाढवले असते तर ही संख्या आणखी खाली आली असती. थोडक्यात, रंग तयार करणे अवघड नव्हते. कोणत्या पिक्सेलला कोणता रंग हे साठवणे आणि वेळेत वाचणे महाग होते.

प्रश्न : 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये दुसऱ्या खेळाडूचे पात्र वेगळ्या रंगाचे असते, फूल घेतल्यावर पात्राचे कपडे बदलतात आणि तारा मिळाल्यावर ते झगमगू लागते. या प्रत्येकासाठी वेगळी चित्रे काढलेली होती का?

उत्तर : नाही, आणि ही गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. या गेममधील मारिओच्या पॅलेटचे तीन खण षोडशमान पद्धतीने, म्हणजे सोळाच्या पायावर, लिहिले तर १६, २७ आणि १८ असे आहेत. १६ म्हणजे लाल : टोपी आणि खांद्यावरून पट्टे जाणारी विजार. २७ म्हणजे नारिंगीकडे झुकणारा त्वचेचा रंग. १८ म्हणजे शेवाळी तपकिरी : केस, मिशी, सदरा आणि बूट, सगळे एकाच रंगात. लुईजीसाठी हेच खण ३०, २७ आणि १९ होतात : टोपी आणि विजार पांढरी, सदरा हिरवा. फूल घेतल्यावर ते ३७, २७ आणि १६ होतात : टोपी फिकट पिवळसर आणि सदरा लाल. तिन्ही वेळा मधला २७ जागचा हलत नाही, कारण कपडे बदलले तरी चेहरा आणि हात तेच राहायला हवेत. फुलाचे पॅलेट दोन्ही भावांसाठी एकच असल्यामुळे त्या अवस्थेत दोघे अगदी सारखे दिसतात. चित्रांच्या स्मृतीतील एक बाइटही न बदलता, केवळ दोन खणांतील मूल्ये बदलून हे सगळे साधले आहे.

ताऱ्याची युक्ती याहून वेगळी आहे. तेथे पॅलेटमधील रंग बदलत नाहीत, तर पात्राच्या गुणधर्मांतील ते दोन बिट वेगाने ०, १, २, ३ असे फिरवले जातात. म्हणजे पात्राला आळीपाळीने चारही स्प्राइट पॅलेट लावली जातात. स्प्राइटसाठी पॅलेट चारच असल्याने ताऱ्याच्या झगमगाटात दिसणारे रंग हे त्या वेळी शत्रूंसाठी आणि इतर वस्तूंसाठी भरून ठेवलेले रंगच असतात. झगमगाटासाठी वेगळा असा एकही रंग राखून ठेवावा लागला नाही. मला ही कल्पना आजही विलक्षण वाटते.

याच गेममधील प्रश्नचिन्हाची चौकट मंदपणे उजळते आणि विझते, तेही पॅलेटमुळेच. तिच्या पॅलेटचा एक खण २७, १७, ०७ आणि पुन्हा १७ असा फिरत राहतो. या आकड्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे : उजवा अंक रंगाची जात सांगतो आणि डावा अंक तेजस्विता. ७ ही नारिंगी जात तशीच ठेवून तेजस्विता २ वरून १ वर आणि मग ० वर उतरते, की रंग तोच राहून अंधारत जातो. संपूर्ण पडदा हळूहळू काळा करायचा असेल तेव्हाही प्रत्येक खणातील डावा अंक एकेकाने कमी करत नेण्याची पद्धत सर्रास वापरली जाई. पडद्यावरच्या सगळ्या प्रश्नचिन्हांच्या चौकटी आणि नाणी नेहमी एकाच तालात का चमकतात, याचे उत्तरही येथेच आहे : त्या सर्वांचा रंग एकाच खणातून येतो.

त्या गेममधील ढग आणि झुडपे यांचा आकार एकच असल्याचे अनेक वाचकांनी लिहिले आहे. ते अगदी बरोबर आहे. पांढरे पॅलेट लावले की ढग, हिरवे लावले की झुडूप. एकच चित्र वेगवेगळ्या रंगांत वापरण्याची ही प्रथा त्याआधीपासूनची आहे. १९८० च्या 'पॅक-मॅन'मधील चार भुते म्हणजे एकच आकृती चार रंगांत. १९९२ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट'मधील पिवळा स्कॉर्पियन आणि निळा सब-झीरो हेही एकाच चित्रमालिकेचे दोन रंगावतार आहेत. या पद्धतीला काटकसर म्हणून हिणवणे मला योग्य वाटत नाही, कारण रंग येथे माहिती देण्याचे काम करतो. १९८६ च्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'मध्ये अंगठी मिळाल्यावर नायकाच्या अंगरख्याचा रंग बदलतो आणि त्याला होणारी इजा कमी झाली आहे हे खेळणाऱ्याला कोठेही न वाचता कळते.

प्रश्न : इंटरनेटवर मिळणाऱ्या स्प्राइटच्या संग्रहांत चित्रांमागे भडक मॅजेंटा रंग का भरलेला असतो?

उत्तर : तो रंग गेममध्ये कधीच दिसत नाही. शून्य क्रमांकाच्या पारदर्शक खणाची ती खूण आहे. साध्या चित्रफाइलमध्ये पारदर्शकता दाखवण्याची सोय नसेल तर त्या जागी काहीतरी रंग भरावाच लागतो, आणि पात्रांच्या रंगांत सहसा न सापडणारा रंग निवडला की गोंधळ होत नाही. काही संग्रहांत याच कामासाठी भडक हिरवा किंवा निळसर रंगही दिसतो.

प्रश्न : एकाच गेमचे रंग दोन वेगवेगळ्या इम्युलेटरवर, म्हणजे जुने यंत्र संगणकावर हुबेहूब चालवणाऱ्या प्रोग्रामवर, वेगळे दिसतात. एकावर आकाश निळे, तर दुसऱ्यावर जांभळट. यांतील खरा रंग कोणता?

उत्तर : एनईएसपुरते बोलायचे तर 'खरा' असा एक रंग सांगता येत नाही, आणि यात इम्युलेटर लिहिणाऱ्यांचा दोष नाही. आजच्या यंत्रांत प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रमाणात लिहिलेला असतो. एनईएसच्या ग्राफिक्स चिपमध्ये तसे काहीच नव्हते. ती थेट टीव्हीला लागणारा कंपोझिट संकेत, म्हणजे रंग आणि उजेड एकाच तारेतून नेणारा संकेत, तयार करीत असे. आधी सांगितलेला उजवा अंक त्या संकेतातील लहरीची कला, म्हणजे फेज, ठरवतो आणि डावा अंक व्होल्टेजची पातळी. रंगचक्राचे बारा समान भाग केले की यंत्राच्या बारा रंगजाती मिळतात. त्या संकेताचे दृश्य रंगात रूपांतर करण्याचे काम टीव्हीचे होते आणि प्रत्येक टीव्ही ते आपापल्या पद्धतीने करी. अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीच्या संचांवर तर रंगछटा फिरवण्याची कळच असे. आपण ज्या आकाशाविषयी विचारले आहे त्याचा क्रमांक बहुधा २२ असावा. तो निळा आणि जांभळा यांच्या सीमेवरच येतो, त्यामुळे रूपांतरात थोडासा फरक पडला तरी तो एका बाजूला झुकतो.

निन्टेंडोने आर्केड यंत्रांसाठी याच चिपच्या आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे, देणाऱ्या आवृत्त्या बनवल्या होत्या, पण त्यांतील रंगही घरगुती यंत्राशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून सल्ला एवढाच की क्रमांकांना प्रमाण माना. इम्युलेटरमधील पॅलेटची फाइल म्हणजे ६४ रंगांचे प्रत्येकी तीन असे १९२ बाइट असतात. डोळ्यांना पटेल ती एक निवडावी आणि मग सर्व कामासाठी तीच ठेवावी.

येथे टीव्हीचा आणखी एक परिणाम सांगायला हवा. कंपोझिट जोडणीत शेजारच्या पिक्सेलचे रंग एकमेकांत मिसळत आणि कलाकार ते गृहीत धरून चित्र काढत. 'सॉनिक द हेजहॉग' या १९९१ च्या गेममधील पहिल्या भागातले धबधबे आजच्या पडद्यावर उभ्या पट्ट्यांसारखे दिसतात. जुन्या जोडणीवर त्या पट्ट्या विरघळून पाणी पारदर्शक असल्याचा भास होई. पॅलेटमध्ये नसलेला रंग असा टीव्हीकडून मिळवला जात असे.

प्रश्न : त्याच 'सॉनिक'मध्ये पात्र अर्धे पाण्यात आणि अर्धे बाहेर असले तर पाण्याखालचा भाग बरोबर पाण्याच्या रेषेपासून निळसर दिसतो. एका स्प्राइटला एकच पॅलेट असेल तर हे कसे शक्य झाले?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. एका स्प्राइटला एका वेळी एकच पॅलेट असते. पण 'एका वेळी' याचा अर्थ पडद्यावरील एक रेषा काढली जात असताना, असा घ्यायचा. सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये (जपानमध्ये १९८८) ठरावीक आडवी रेषा आली की प्रोसेसरला सूचना मिळण्याची सोय होती. पाण्याच्या पातळीवर ती सूचना येताच प्रोग्राम रंगांच्या स्मृतीत पाण्याखालचे रंग भरतो आणि तेथून खालच्या सर्व रेषा त्या रंगांत काढल्या जातात. पडदा खालपर्यंत काढून झाला की पुढच्या चित्रासाठी कोरडे रंग परत भरले जातात आणि हे सेकंदाला पन्नास-साठ वेळा चालते. पात्राचे चित्र तेच, पॅलेटचा क्रमांकही तोच. त्या क्रमांकाचा अर्थ पडद्याच्या मध्यावर बदललेला असतो. चित्र काढले जात असताना रंगस्मृतीत लिहिले तर पडद्यावर बारीक ठिपके उमटू शकतात. पाण्याच्या पृष्ठभागावर लाटांचे लुकलुकणारे स्प्राइट आहेत. ते हा जोड झाकायलाही उपयोगी पडतात.

या यंत्रात पिक्सेलमागे ४ बिट होते, त्यामुळे एका स्प्राइटला पारदर्शक खण सोडून १५ रंग मिळत. मात्र १५-१५ रंगांची पॅलेट एकूण चारच होती, आणि तीही पार्श्वभूमी आणि स्प्राइट यांनी वाटून घ्यायची. हे रंगही ५१२ मधून निवडायचे, कारण लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी आठच पायऱ्या होत्या. सुपर फॅमिकॉममध्ये (१९९०) एकट्या स्प्राइटसाठी १५ रंगांची आठ पॅलेट होती आणि निवड ३२,७६८ रंगांतून करता येई. त्यात दोन थरांचे रंग मिसळून खरी पारदर्शकता मिळवण्याचीही सोय होती, परंतु स्प्राइटपैकी ज्यांना शेवटची चार पॅलेट लावलेली असत त्यांनाच ती लागू होई. म्हणून कोणत्या वस्तूला कितवे पॅलेट द्यायचे हा तेथे केवळ रंगाचा प्रश्न उरत नसे. माझ्या मते मेगा ड्राइव्हवरील चांगली रंगयोजना ही त्या पिढीतील सर्वांत कठीण कामगिरी होती : जमीन, झाडे, शत्रू, नायक आणि गुणसंख्या या सर्वांना चार पॅलेटमध्ये बसवायचे आणि तरीही नायक पार्श्वभूमीत हरवू द्यायचा नाही.

प्रश्न : झेडएक्स स्पेक्ट्रमवर पात्र एखाद्या वस्तूजवळून गेले की तिचा रंग पात्राला लागत असे. तो प्रोग्राममधील दोष होता का?

उत्तर : दोष नव्हे, ती त्या यंत्राच्या रचनेचीच मर्यादा होती. १९८२ च्या या संगणकात पिक्सेलला स्वतःचा रंगक्रमांक नव्हताच. २५६ गुणिले १९२ पिक्सेलचे चित्र काळ्या-पांढऱ्यासारखे पिक्सेलमागे एका बिटात साठवलेले असे, आणि ८ गुणिले ८ च्या प्रत्येक चौकोनासाठी एक बाइट त्या चौकोनातील दोन रंग सांगत असे. शिवाय स्प्राइटसाठी वेगळे हार्डवेअरही नव्हते. त्यामुळे पात्र आणि वस्तू एकाच चौकोनात आली की दोघांना मिळून दोनच रंग उरत. अनेक गेमकर्त्यांनी यावर सरळ मार्ग काढला आणि खेळाचा सगळा भाग एकाच रंगजोडीत ठेवला.

त्याच वर्षीच्या कमोडोर ६४ मध्ये मात्र आठ हार्डवेअर स्प्राइट होते. २४ गुणिले २१ पिक्सेलचा एकरंगी स्प्राइट घ्यावा, किंवा आडवा तपशील निम्मा करून तीन रंगांचा घ्यावा, असा पर्याय होता. त्या तीनपैकी दोन रंग सर्व स्प्राइटना सामाईक असत आणि एकच स्वतःचा. त्या यंत्रावरील गेममध्ये अनेक पात्रांना सारख्याच दोन छटा आणि प्रत्येकाला एक खास रंग असे का दिसते, ते यावरून ध्यानात येईल.

प्रश्न : मी जुन्या पद्धतीचे स्प्राइट काढण्याचा सराव करतो. रंग मोजून तीनच वापरतो, तरी चित्र जुन्या गेमसारखे दिसत नाही. काय चुकत असावे?

उत्तर : आपण चित्र पाठवलेले नाही, त्यामुळे नेमके सांगता येणार नाही; पण रंगांची संख्या मोजण्यावर भर दिला जातो आणि खणांच्या वाटणीकडे दुर्लक्ष होते, असे नवशिक्यांच्या कामात पुष्कळदा दिसते. तीन रंग वापरणे सोपे आहे. प्रत्येक रंगाला दोन-तीन कामे लावणे अवघड आहे, आणि जुन्या चित्रांचे रूप त्या दुसऱ्या गोष्टीतून येते.

मारिओचेच उदाहरण पुन्हा घ्या. शेवाळी तपकिरी एकाच वेळी केस, मिशी, डोळा, सदरा आणि बूट आहे. चेहऱ्यावर तो केस वाटतो, खांद्यावर कापड वाटतो, पायाशी चामडे वाटतो. हा फरक रंगाने केलेला नसून जागेने आणि आकाराने केलेला आहे. तोंड काढण्याइतके पिक्सेल नसल्यामुळे मिशी आली, हे त्याचे निर्माते शिगेरू मियामोटो यांनी अनेकदा सांगितले आहे. तीन क्रमांकांतील १६, २७ आणि १८ यांचे उजवे अंकही पाहा : ६, ७ आणि ८. रंगचक्रावरील सलग तीन जाती. त्वचेचा रंग बाकी दोहोंपेक्षा एक पायरी उजळ आहे. शेजारच्या रंगजाती आणि तेजस्वितेत स्पष्ट अंतर, यामुळे ते तीन रंग एकमेकांचे वाटतात आणि तरीही वेगळे ओळखू येतात. तुम्ही एकाच लालाच्या गडद, मध्यम आणि फिकट छटा घेत असाल तर चित्र निर्जीव दिसणे स्वाभाविक आहे. गडद छटा घेताना रंगजातही एक घर सरकवून पाहा.

दुसरा मुद्दा बाह्यरेषेचा. भोवती काळी रेषा काढली की तीनपैकी एक खण तेथेच खर्च होतो. तो खर्च कधी योग्य असतो, कधी नसतो. मारिओला काळी रेषा नाही, कारण त्या गेमची पार्श्वभूमी बहुतांशी सपाट आकाश आहे. १९८७ च्या 'मेगा मॅन'मध्ये ती आहे, आणि मग उरलेल्या दोन खणांत दोन निळे बसले. चेहऱ्याला त्वचेचा रंग आणि डोळ्यांना पांढरा हवाच होता, म्हणून चेहऱ्याचा वेगळा छोटा स्प्राइट दुसऱ्या पॅलेटसह अंगावर ठेवलेला आहे. याचा आणखी एक लाभ असा झाला की शस्त्र बदलल्यावर शरीराचे दोन रंग बदलले तरी चेहऱ्याला धक्का लागत नाही. अशी भर घालायची तर किंमत लक्षात ठेवावी : एका आडव्या रेषेवर आठच स्प्राइट दिसतात आणि चेहऱ्याचा तुकडा त्यांतील एक जागा घेतो. ही मर्यादा ओलांडली गेल्यामुळेच जुन्या गेममधील वस्तू गर्दीत लुकलुकत असत.

तिसरा मुद्दा क्रमाचा, आणि तो चित्राकडे पाहून दिसत नाही. आपल्या सर्व पात्रांत खणांचा क्रम सारखा ठेवा. पहिल्या खणात मुख्य वस्त्र, दुसऱ्यात त्वचा किंवा उजेड, तिसऱ्यात गडद, असा काहीतरी. मग कोणत्याही पात्राला कोणतेही पॅलेट लावून पाहता येते आणि शत्रूंच्या दोन-तीन जाती विनाश्रम तयार होतात. एका पात्रात गडद रंग तिसऱ्या खणात आणि दुसऱ्यात पहिल्या खणात असेल, तर पॅलेट बदलताच दुसऱ्याचा चेहरा काळा आणि केस गोरे होतील. पारदर्शक खणही विसरू नका. पार्श्वभूमी काळी असेल तर डोळा किंवा सांधा शून्य क्रमांकाने मोकळा सोडला की काळा रंग फुकट मिळतो. मात्र तेच पात्र उजळ पार्श्वभूमीवर नेले की तेथे भोक दिसते.

हा सराव सर्वांत कडक हवा असेल तर काही दिवस गेम बॉयच्या (१९८९) नियमांनी काढून पाहा. यंत्राला चारच करड्या छटा आहेत आणि शून्य क्रमांक पारदर्शक असल्यामुळे स्प्राइटला त्यांपैकी तीनच मिळतात. स्प्राइटसाठी पॅलेटही दोनच. रंगजातीचा आधार गेल्यावर आकार आणि तेजस्विता यांच्यावरच सगळी भिस्त राहते, आणि त्यातून आलेली शिस्त नंतर रंगीत कामातही उपयोगी पडते.

साधनांविषयी थोडेसे. चित्र आरजीबी पद्धतीने काढून शेवटी रंग कमी करू नका. सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीपासूनच इंडेक्स्ड, म्हणजे पिक्सेलमध्ये फक्त खणाचा क्रमांक ठेवणारी, रंगपद्धती निवडा. एस्प्राइट या पिक्सेलचित्रांच्या प्रोग्राममध्ये ती आहे, आणि १९८५ साली अमिगा संगणकावर आलेल्या डिलक्स पेंटपासून पिक्सेलचित्रे काढणारे असेच काम करीत आले आहेत. या पद्धतीत खणातील रंग बदलला की चित्रातील त्या क्रमांकाचे सर्व पिक्सेल तत्क्षणी बदलतात, त्यामुळे वर सांगितलेले सगळे प्रयोग काही मिनिटांत करून पाहता येतात. कडा मऊ करणारे ब्रश बंद ठेवा, कारण ते गुपचूप मधले रंग घालतात. फाइल इंडेक्स्ड पीएनजी म्हणून साठवा. जेपीजीमध्ये साठवली तर तीन रंगांचे शेकडो होतील. चित्र मोठे करून दाखवायचे असेल तर पूर्ण पटीतच करा, दुप्पट, तिप्पट, चौपट, आणि त्या वेळी मधले नवे रंग न घालणारा 'नीअरेस्ट नेबर' हा पर्याय निवडा. पुढच्या वेळी चित्राबरोबर त्याच्या पॅलेटमधील खणांचा क्रमही लिहून पाठवलात, तर कोणता खण वाया जातो आहे ते नेमके सांगता येईल.